कोवळ्या घोड्याचा नोजबँड : कुठे बसवायचा, किती सैल ठेवायचा आणि कधी घालायचाच नाही

तीन वर्षांचा घोडा पहिल्यांदा तोंडात बिट, म्हणजे लगामाची तोंडात जाणारी धातूची दांडी, घेतो, जबडा हलवतो, जीभ बाहेर काढतो, मान झटकतो. बाजूला उभं असलेलं कुणीतरी लगेच सांगतं, "नोजबँड एक भोक आवळ." आवळला की तोंड बंद होतं. त्रास मात्र होता तिथेच राहतो, आता तो बाहेरून दिसत नाही इतकंच. कोवळ्या घोड्याचं उघडं तोंड ही आपल्याला मिळणारी सगळ्यात खरी खबर असते, आणि ती बांधून टाकण्याआधी वाचता आली पाहिजे. नोजबँड निवडणं, बसवणं आणि सैल ठेवणं हे सगळं त्या हिशेबाने करायचं आहे.

नोजबँड म्हणजे ब्रायडलचा, घोड्याच्या डोक्यावर चढवायच्या चामडी साजाचा, तो पट्टा, जो नाकावरून जातो आणि हनुवटीमागे बकलने जोडला जातो. मोहरकी म्हणजे बिट नसलेला डोक्याचा साज, तिची नाकपट्टी हा त्याचाच साधा भाऊ. तो घोड्याला काही शिकवत नाही. शिकवतो तो दाब सुटण्याचा क्षण, आणि जो पट्टा आधीपासूनच करकचून बसलाय त्याला सोडायला काही उरतच नाही.

आधी हाताने चेहरा वाचा

घोड्याच्या डाव्या बाजूला, खांद्यापाशी उभे राहा. डोळ्याखालून नाकाच्या दिशेने उतरणारी हाडाची एक टणक कड बोटांना लागेल. ती जिथे संपते ती जागा लक्षात ठेवा, कारण नोजबँडचं सगळं मोजमाप तिथून सुरू होतं. आता अंगठा नाकाच्या मध्यरेषेवर ठेवून कपाळाकडून खाली आणा. बराच वेळ खाली हाड लागतं, मग ते अरुंद होत जातं आणि एका जागी अंगठा चक्क आत दबतो. हाड संपलं, कूर्चा सुरू झाली. हाडाचं हे पुढचं टोक पातळ असतं आणि त्याला खालून आधार नसतो. पट्ट्याचा दाब इथे कधीही येता कामा नये. शिवाय घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याची सगळी हवा नाकातूनच जाते. खाली घसरलेला पट्टा नाकपुड्यांवरचा मऊ भाग दाबतो आणि पळताना घोड्याचा श्वास कोंडतो.

गालाच्या त्या कडेचं टोक आणि नाकपुडी यांच्यामध्ये, थोडं वरच्या अंगाला, हाडातल्या एका छिद्रातून चेहऱ्याची मोठी नस बाहेर येते. वरचा ओठ आणि नाक यांची सगळी संवेदना तिच्यातून जाते. खालच्या जबड्याच्या कडा तर अगदीच उघड्या, कातडीखाली लगेच हाड. म्हणून नाकावरचा पट्टा जितका रुंद आणि मऊ, तितकाच हनुवटीमागचाही असायला हवा. बरेच ब्रायडल बनवणारे नाकावर मऊ गादी देतात आणि मागे नुसतं अरुंद चामडं ठेवतात. विकत घेताना पट्टा उलटून मागची बाजू बघा.

एक तपासणी मात्र प्रत्येक कोवळ्या घोड्यावर कराच. नोजबँड जिथे येणार त्या जागी बाहेरूनच, गालावर अंगठा ठेवून हळू आत दाबा. आतमध्ये वरच्या दाढांची बाहेरची कड असते. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि तो आडवं चावतो, त्यामुळे वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धारदार टोकं येतात. धार असेल तर तुमच्या अंगठ्याखाली गाल त्या टोकांवर दाबला जातो. घोडा डोकं मागे घेतो, कान पाडतो किंवा नुसतेच डोळे ताणतो. दोन्ही बाजूंना करून पाहा. अंगठ्याच्या एवढ्याशा दाबाने हे होत असेल तर पट्टा आवळल्यावर काय होईल ते वेगळं सांगायला नको. तोंडाच्या आत हात घालून दाढा चाचपायच्या भानगडीत पडू नका. ते काम घोड्यांच्या डॉक्टरांचं. ते जबडा उघडा ठेवायची कडी लावून तपासतात आणि धार कानशीने घासून देतात.

वय आणि दात

घोडा शिकवायला घेण्याचं वय आणि त्याचे दात पडण्याचं वय नेमकं एकच असतं. ही गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मे गैरसमज होत नाहीत. पुढचे मधले दात साधारण अडीचाव्या वर्षी बदलतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. दाढांपैकी पहिली अडीच वर्षांच्या आसपास, दुसरी तिसऱ्या वर्षी आणि तिसरी चौथ्या वर्षाच्या सुमाराला नवी येते. नवी दाढ वर सरकताना जुन्या दुधाच्या दाढेचं टोपण तिच्यावर अडकून बसतं, कधी एका बाजूने सुटून हिरडीला टोचत राहतं. त्याच काळात नर घोड्याला सुळे येतात, साधारण चार ते पाच वर्षांत. आणि पहिल्या दाढेच्या अगदी पुढे एक छोटासा बिनकामाचा दात असू शकतो, त्याला वुल्फ टूथ म्हणतात. तो पहिल्या वर्षातच निघालेला असतो आणि बिट नेमकं त्याच्यावर आपटतं.

म्हणून अडीच ते पाच वर्षांच्या घोड्याचे दात दर सहा महिन्यांनी तपासून घ्या. काल शांतपणे बिट घेणारा घोडा आज अचानक डोकं वाकडं करायला लागला तर आधी दात, मग बाकी सगळं.

कोणता नोजबँड काय करतो

कॅव्हेसन हा सगळ्यात साधा. नाकाभोवती एकच पट्टा, बिटच्या वरून जाणारा. रुंदी २ ते २.५ सेंटीमीटर. नीट सैल असेल तर तो घोड्याच्या तोंडाला जवळजवळ काहीच करत नाही, आणि कोवळ्या घोड्यासाठी हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. उभा जेरबंद, म्हणजे डोकं वर जाऊ नये म्हणून नोजबँडपासून छातीखाली नेलेला पट्टा, लावायची वेळ आलीच तर तो फक्त कॅव्हेसनलाच लावता येतो, बाकी कुठल्या नोजबँडला नाही. शिकाऊ घोड्याला मात्र जेरबंदाने डोकं खाली बांधू नये. तो बांधणाऱ्या पट्ट्यावरच जोर द्यायला शिकतो आणि मानेच्या खालच्या बाजूचे चुकीचे स्नायू वाढतात.

ड्रॉप नोजबँड बिटच्या खालून जातो. पुढचा भाग नाकाच्या हाडावर, मागचा हनुवटीच्या खोबणीत. घोड्याने जबडा वाकडा केला किंवा तोंड फाकवलं की दाब नाकावर येतो, जबडा सरळ केला की लगेच सुटतो. जर्मन पद्धतीने शिकवणाऱ्यांनी तरुण घोड्यांसाठी तो बराच वापरला आणि नीट बसवला तर तो न्याय्य आहे. पण बसवायला सगळ्यात अवघडही तोच. पुढचा भाग नाकपुडीच्या वरच्या कडेपासून किमान चार बोटं, म्हणजे ७ ते ८ सेंटीमीटर, वर असला पाहिजे. पुढचा पट्टा जरा लांब असला की तो मधोमध घसरून कूर्चेवर येतो. पुढचा भाग आखूड आणि मागचा लांब, असाच ड्रॉप घ्या. गालापाशी जी कडी असते ती बिटच्या कडीच्या पुढे राहिली पाहिजे. दोघींच्या मध्ये ओठाची कातडी सापडली तर तासाभरात जखम होते.

फ्लॅश म्हणजे कॅव्हेसनलाच मध्ये एक वेढा शिवून त्यातून ओवलेला दुसरा बारीक पट्टा, जो बिटखालून जातो. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ब्रायडलला तो फुकट जोडून येतो आणि म्हणून तो वापरला जातो, गरज असते म्हणून नाही. त्याची खोट त्याच्या बांधणीतच आहे. खालचा पट्टा आवळला की तो वरच्या कॅव्हेसनला खाली ओढतो. तो खाली येऊ नये म्हणून मग कॅव्हेसन आवळला जातो. म्हणजे दोन्ही घट्ट, आणि शिवणीच्या जागी नाकावर एका ठिकाणी दाब. कोवळ्या घोड्याच्या ब्रायडलला फ्लॅश असेल तर तो काढून कपाटात ठेवा. वेढा ब्रायडलवर नुसताच राहिला तरी काही बिघडत नाही.

ग्रॅकलचे दोन पट्टे नाकावर एकमेकांना ओलांडतात आणि जिथे ओलांडतात तिथे लोकरीची किंवा चामड्याची गोल गादी असते. १९३१ साली इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल शर्यत जिंकलेल्या ग्रॅकल या घोड्याच्या नावावरून हे नाव पडलं. नाकपुड्या मोकळ्या राहतात म्हणून उड्या आणि लांब पल्ल्याच्या धावेसाठी तो चांगला. पण वरचा पट्टा गालाच्या हाडाच्या टोकावर घासतो आणि गादी खाली सरकली तर फायदा उलटतो. पहिल्या वर्षात त्याची गरज पडू नये.

क्रँक नोजबँडमध्ये पट्टा कडीतून दुमडून परत येतो, म्हणजे कप्पीसारखं काम होतं आणि तेवढ्याच जोरात दुप्पट आवळला जातो. आवळणाऱ्या हाताला आपण किती आवळलं ते कळतच नाही. शिकाऊ घोड्याच्या तोंडावर याला जागा नाही.

शर्यतीच्या मैदानावर घोड्यांच्या नाकावर मेंढीच्या लोकरीची जाड वळकटी दिसते, ती या कुठल्याच प्रकारात येत नाही. तिचं काम तोंडाशी नाही, डोळ्यांशी आहे. समोरच्या जमिनीवरची सावली घोड्याला दिसू नये आणि त्याने डोकं खाली ठेवावं, एवढ्यासाठी ती असते.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे, कॅलिफोर्नियातल्या व्हाकेरो म्हणजे स्पॅनिश परंपरेच्या गुराख्यांनी दातांचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला. दात बदलण्याच्या काळात ते घोड्याच्या तोंडात बिट घालतच नसत. कच्च्या चामड्याची वेणी घालून केलेला बोसाल नाकावर आणि त्याला घोड्याच्या केसांच्या दोरीचा लगाम, असा हॅकमोर ते आधी वापरत. सुरुवातीला अंगठ्याएवढा जाड बोसाल, मग घोडा हलका होत जाईल तसा बारीक. पुढे बारीक बोसाल आणि बिट दोन्ही एकाच वेळी, आणि सगळ्यात शेवटी नुसतं बिट. बोसालने ओढून धरायचं नसतं. एका बाजूने उचलून सोडायचं असतं. धरून ठेवलं की जबड्याच्या कडा सोलवटतात. साधन आपल्याकडे सहज मिळत नाही, पण आधी नाक, मग तोंड हा क्रम मोहरकीनेही पाळता येतो.

मोजणं आणि बसवणं

शिवणकामाची टेप गालाच्या हाडाच्या टोकापासून २ बोटं खाली नाकाभोवती फिरवा. आलेल्या मापात ४ सेंटीमीटर मिळवा. पट्टा एवढ्या घेरावर मधल्या भोकात बसला पाहिजे, म्हणजे दोन्हीकडे जागा राहते. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचं तोंड निमुळतं असतं, त्यांना बऱ्याचदा कॉब म्हणजे मधल्या मापाचा नोजबँड लागतो, जिथे शर्यतीच्या थरोब्रेड जातीला फुल म्हणजे मोठा लागतो. बाकीचा ब्रायडल बरोबर आणि नोजबँडच मोठा, असंही होतं. अशा वेळी चांभाराकडून जादा भोकं १.५ सेंटीमीटर अंतराने पाडून घ्या. खिळ्याने घरी पाडलेलं भोक फाटतं.

ब्रायडल चढवताना क्रम असा. लगाम आधी मानेवर टाका. बिट तोंडात द्या, डोक्याचा पट्टा कानांमागे घ्या, आयाळ आणि कपाळाचे केस मोकळे करा. मग गळपट्टा बांधा, त्यात आडवी मूठ बसली पाहिजे. नोजबँड सगळ्यात शेवटी. तो गालपट्ट्यांच्या आतून जातो, बाहेरून नाही. बाहेरून गेला तर गालपट्टे दाबले जातात आणि बिट सरकत नाही. दोन्ही बाजूंची उंची समोरून बघा. एक बाजू खाली असेल तर कानामागच्या पट्ट्याची लांबी जुळवा. बकल हनुवटीच्या मधोमध किंवा थोडं डावीकडे, पण जबड्याच्या हाडावर नाही.

आता सैलपणा. दोन बोटं शेजारीशेजारी धरून पट्ट्याखाली घाला, पण नाकाच्या मध्यरेषेवर, हाडावर. बाजूला गालाच्या खळग्यात किंवा हनुवटीखाली घालून पाहणं म्हणजे स्वतःची फसवणूक. तिथे मऊ जागा असल्याने करकचून बांधलेल्या पट्ट्यातही बोटं जातात. बोटं पेरांपर्यंत जोर न लावता गेली पाहिजेत. माणसागणिक बोटं वेगळी, म्हणून तबेल्यात १.५ सेंटीमीटर जाडीची, कडा घासून गोल केलेली लाकडी पट्टी टांगून ठेवा. मोतद्दारापासून मालकापर्यंत सगळे तीच वापरतील. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ, म्हणजे एफईआय, यानेही २०२५ मध्ये आपल्या स्पर्धांसाठी १.५ सेंटीमीटरचंच मापक आणलं, आणि तेही नाकाच्या हाडावरच घालून पाहतात. त्याची गरज का पडली ते २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळतं. आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या स्पर्धांत ७५० घोडे तपासले, त्यातल्या ४४ टक्क्यांच्या नोजबँडखाली एकही बोट जात नव्हतं. दोन बोटं जागा फक्त ७ टक्क्यांना होती.

मोजून झाल्यावर घोड्याचं मत घ्या. गाजराचा तुकडा किंवा सुपारीएवढा गूळ ओठांवर धरा. नोजबँड लावलेला असताना घोड्याने तो उचलून, चावून, गिळला पाहिजे. गाजर तोंडात नुसतं घोळत राहिलं किंवा खाली पडलं तर एक भोक सैल करा.

पहिले आठवडे

पहिल्या चार दिवसांत ब्रायडल आणूच नका. मऊ, रुंद नाकपट्टीची मोहरकी पुरे. नाकावर तळहात ठेवायचा, घोडा स्थिर राहिला की काढायचा. मग हातात पट्टा दुमडून तसाच ठेवायचा. मग पट्टा नाकाभोवती नेऊन, बकल न लावता, सोडून द्यायचा. रोज १० मिनिटं, चारा खाऊन झाल्यावर, भुकेल्या पोटी नाही.

मोहरकी निमूट घालू लागला की दाबाची भाषा. खांद्यापाशी उभं राहून मोहरकीची हनुवटीखालची कडी धरा आणि सरळ मागे, दोन बोटांच्या जोराने दाब द्या. ओढू नका, झटका नको, नुसतं धरून थांबा. घोडा आधी वर जाईल, पुढे ढकलेल, कदाचित डोकं हलवेल. तुमचा हात तिथेच. एका क्षणी तो छातीचा भार मागे घेईल, पाय हलण्याआधीच. हात त्याच क्षणी सोडा. उशिरा सोडलात तर घोडा सुटकेचा संबंध नंतर केलेल्या हालचालीशी जोडतो, आणि ती बहुतेक वेळा डोकं झटकणंच असते. तीन-चार वेळा झालं की थांबा. दुसऱ्या दिवशी नाक डावीकडे वीतभर, मग उजवीकडे. तिसऱ्या दिवशी डोकं खाली. नोजबँड पुढे जे काही सांगणार आहे त्याची बाराखडी इथेच संपते, आणि इथे घाई झाली की पुढे पट्टे आवळायची वेळ येते.

लंजिंगसाठी, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवायला, वेगळा लंजिंग कॅव्हेसन घ्या. त्याच्या नाकपट्टीला समोर आणि दोन्ही बाजूंना कड्या असतात. दोर समोरच्या कडीला लावा. हा पट्टा साध्या नोजबँडपेक्षा थोडा चपखल लागतो, कारण सैल असेल तर दोराच्या ओढीने फिरून बाहेरचा गालपट्टा डोळ्यात जातो. म्हणूनच त्याला जबड्याखालून एक जादा पट्टा असतो, आवळायचा तो. नाकावर एक बोट जागा ठेवा आणि आतली गादी जाड आहे ना बघा. स्पेनमध्ये दातेरी लोखंडी पट्टीचा सेरेता वापरायची पद्धत आहे. कोवळ्या नाकावर त्याचे वण कायमचे राहतात, तो घेऊ नका. वर्तुळ १८ ते २० मीटर व्यासाचं, प्रत्येक बाजूला ५ ते ७ मिनिटं, आठवड्यातून तीनदा. छोट्या वर्तुळात तीन वर्षांच्या घोड्याचे सांधे पिळवटतात.

तिसऱ्या आठवड्यात बिट, पण नोजबँड काढून ठेवून. स्नॅफल, म्हणजे मध्ये जोड असलेलं साधं बिट, दोन्ही बाजूंना ओठांबाहेर अर्धा सेंटीमीटर, ओठाच्या कोपऱ्यात एक सुरकुती. वर लंजिंग कॅव्हेसन. दोर कॅव्हेसनलाच, बिट नुसतं तोंडात लटकत. घोडा चघळेल, जीभ वर घेईल, जांभया देईल. बघत राहा. याच आठवड्यात त्याच्या तोंडाबद्दल जे कळतं ते नंतर कळत नाही. चघळणं हळूहळू शांत होत गेलं तर ठीक. वाढत गेलं तर दात किंवा बिटचं माप.

स्वार पहिल्यांदा बसेल तेव्हा लगामाच्या दोन जोड्या ठेवा, एक लंजिंग कॅव्हेसनच्या बाजूच्या कड्यांना, दुसरी बिटला. पहिला आठवडा वळणं आणि थांबणं सगळं नाकावरून, बिटचा लगाम सैल. पुढच्या दोन आठवड्यांत भार थोडा थोडा बिटकडे न्या. नवख्या स्वाराला हे जमत नाही, तेव्हा सुरुवातीला हात शांत असलेलाच स्वार बसवा.

हे झाल्यावर मग साधा कॅव्हेसन, दोन बोटं जागा ठेवून. बहुतेक घोड्यांची गोष्ट इथेच संपायला हवी.

तोंड उघडतं तेव्हा

एकाच बाजूला वळताना तोंड उघडत असेल तर त्या बाजूची दाढ किंवा स्वाराचा अडकलेला हात बघा. स्वाराला लगाम लांब सोडून त्याच बाजूला वळायला सांगा. तोंड बंद राहिलं तर दोष हाताचा.

जीभ बाजूने बाहेर लोंबते किंवा बिटच्या वर जाते तेव्हा बिट बहुतेक वेळा खाली लटकत असतं, किंवा मांसल जिभेच्या मानाने फार जाड असतं. जाड बिट म्हणजे सौम्य बिट हा समज सगळ्या घोड्यांना लागू पडत नाही. एक भोक वर घ्या, नाहीतर बारीक बिट घालून पाहा. पट्ट्याने जीभ आत कोंबली तर ती बिटखाली चिमटून निळी पडू शकते.

थांबवताना जबडा ताठ करून पुढे रेटणारा घोडा बहुधा पाठीने थकलेला असतो किंवा त्याला मागे सरकण्याचा तो पहिला धडा आलाच नसतो. परत मोहरकीवर या, दोन दिवस पुरतात.

पुण्या-मुंबईच्या शर्यतीतून निवृत्त होऊन क्लबात आलेले थरोब्रेड वयाने चार-पाच वर्षांचेच असतात, पण बिटवर भार टाकून पळायला शिकलेले असतात. त्यांना कोवळ्या घोड्यासारखंच पहिल्यापासून घ्या. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या जत्रेतून आणलेल्या घोड्याच्या नाकावर आणि हनुवटीखाली हात फिरवा. हाडावर गाठ, पांढऱ्या केसांचा पट्टा, ओठांच्या कोपऱ्यात कडक झालेली कातडी, हे सगळे जुन्या साखळीचे किंवा काटेरी लगामाचे पुरावे. काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम आणि साज वापरायला आपल्या देशात १९६५च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक नियमांनी बंदी आहे. अशा घोड्याला दोन-तीन महिने नाकावर कसलाही अरुंद पट्टा लावू नका.

दात तपासले, बिट बदललं, हात बघितला, धडे परत घेतले आणि तरीही घोडा सवयीने जबडा वाकडा करतो, एवढ्याच वेळी ड्रॉप. तोही दोन बोटं सैल, पंधरा ते वीस दिवस, मग परत कॅव्हेसन. सवय सुटली नसेल तर तुम्ही कारण चुकीचं शोधलंय.

काढताना आणि ठेवताना

काढायचा क्रम उलटा : आधी नोजबँड, मग गळपट्टा, मग डोक्याचा पट्टा. नोजबँड सोडायचा विसरून ब्रायडल ओढला तर बिट दातांवर अडकतं, घोडा डोकं वर फेकतो आणि ब्रायडल अर्धवट लोंबत राहतो. एकदा असं झालं की पुढचे सहा महिने तो डोक्याला हात लावू देत नाही. ड्रॉपमध्ये हा धोका सगळ्यात जास्त, कारण पट्टा बिटच्याही खाली असतो. घोड्याला ब्रायडलने कधी खुंटीला बांधू नका. वर मोहरकी घालून, सुतळीच्या वेढ्यात, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधा.

पट्टा काढल्यावर त्याखालचे केस बघा. घामाचा ठसा सगळीकडे सारखा हवा. एखादी कोरडी जागा म्हणजे तिथे दाब जास्त होता. मोडलेले केस, सूज किंवा गरमपणा दिसला तर दोन दिवस नोजबँडला सुट्टी.

शिंगरांच्या तोंडावर मोहरकी दिवसरात्र ठेवू नका, नायलॉनची तर नाहीच. डोकं वाढत जातं, दोरी वाढत नाही, आणि ती नाकाच्या कातडीत आणि पुढे हाडात रुतत जाते. तीन वर्षांच्या घोड्याचं डोकंही वाढतच असतं. माप दर महिन्याला पुन्हा घ्या.

घाम आणि लाळ वाळण्याआधी पट्टा ओल्या फडक्याने पुसा, आठवड्यातून एकदा ग्लिसरीनच्या साबणाने आतली बाजू घासा. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर चार दिवसांत चामड्यावर बुरशी चढते. फडक्याने काढा, सावलीत वाऱ्यावर वाळवा, उन्हात नाही, आणि तेल अगदी थोडं लावा. जास्त तेलाने चामडं लांबतं, शिवण सुटते. नवा पट्टा पहिल्या महिन्यातच अर्धं-एक भोक ताणला जातो, जुना पावसात भिजून वाळला की आखडतो. म्हणून "तिसरं भोक" हे कायमचं माप धरून चालत नाही. ब्रायडलच्या खुंटीपाशी वही टांगा, तारीख आणि भोक लिहा, आणि लाकडी पट्टी त्याच खुंटीला बांधून ठेवा.